उकिरड्याचे पांग कोण फेडणार?

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ज्यांनी ही म्हण काढिली त्यांच्या दृष्टीने उकिरडा हा केवळ घाणीचा ढीग नव्हता. गोठ्यातील शेण, चुलीतील राख, परसातील पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातील खरकटे ही एका खड्ड्यात कुजत, त्यांचे खत होई, ते गाडीत भरून शेतात जाई, आणि ज्याच्या जवळून लोक नाक दाबून जात त्याच्याच बळावर पुढल्या हंगामात जोंधळा डोलू लागे. उकिरड्याचेही दैव उघडते ही त्यांची भाबडी समजूत नसून दरसालचा अनुभव होता. कसबा बावड्याच्या बाजूस लाईन बाजारानजीक आमच्या शहराने कित्येक वर्षांत कचऱ्याचे जे डोंगर रचले त्यांच्याकडे पाहून मात्र ही म्हण कोणास आठवणार नाही. बारा वर्षांची मुदत केव्हाच उलटली, पण त्या ढिगाचे सोने झाले नाही. उलट तो उपसून निकालात काढण्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून निराळा पैसा ओतणे भाग पडले. पूर्वी जी वस्तू मोल देत होती तीच आज मोल मागू लागली, हे कसे घडले, आणि ते मोल खरोखर कोण भरतो, याचा विचार शहरातील सुशिक्षित गृहस्थांनी आणि विशेषतः हिशेबात मुरलेल्या व्यापारी मंडळींनी करावा, म्हणून आज आम्ही हा विषय हाती घेतला आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, कचऱ्याचा खर्च कधीच चुकत नाही. तो एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर जातो, इतकेच. घरमालकाने तो सोसला नाही तर झाडणाराचे शरीर तो सोसते. जेथे ढीग पडतो तेथील वस्ती धुराच्या व दुर्गंधीच्या रूपाने तो सोसते. आणि बाकी जे उरते ते पंचगंगेच्या खाती मांडले जाते. महापालिकेच्या अंदाजपत्रकात आरोग्य खात्याच्या नावापुढे जो आकडा दिसतो तो या खर्चाचा एक भाग होय, सबंध खर्च नव्हे. ज्या दुकानदाराच्या वहीत रोकड खर्च तेवढा लिहिलेला आहे आणि उधारी लिहिलेलीच नाही, त्याच्या नफ्यावर कोण विश्वास ठेवील? आमच्या शहराची स्वच्छतेची वही आजवर याच पद्धतीने लिहिली गेली आहे.

ही गोष्ट नीट उमजण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे गेले पाहिजे. १९०१ ते १९१० ही सातव्या एडवर्ड बादशहाची कारकीर्द. कोल्हापुरास नगरपालिका त्यापूर्वीच, १८५४ साली, मिळाली होती. १८९५ साली शाहूपुरीची व्यापारी पेठ वसली. आणि १९०१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती सुमारे ५४ हजार भरली. १८९६ साली मुंबईत उद्भवलेल्या प्लेगाने पुढे या संस्थानातही पाऊल टाकले, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी लोकांस गावाबाहेर झोपड्यांत राहावयास लावून आणि औषधोपचाराची सोय करून त्या संकटास तोंड दिले. प्लेगाचे विष उंदरांवरील पिसवांच्या द्वारे माणसास लागते ही गोष्ट १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखविली, आणि पुढील दहा वर्षांत हिंदुस्थानातच झालेल्या प्रयोगांनी ती पक्की झाली. तेव्हापासून घराशेजारच्या घाणीकडे पाहण्याची दृष्टी पालटली. घाण ही किळसेची बाब होती ती जिवावरची बाब झाली, आणि उंदीर पोसणारा ढीग शेजाऱ्याच्या अंगणात असला तरी मरण आपल्या माजघरात येऊ शकते, हे धनिकासही कळून चुकले.

त्या काळी घराघरांतून निघणाऱ्या कचऱ्यात होते तरी काय? राख भांडी घासण्याच्या कामी येई. लुगडी-धोतरे जीर्ण झाली की त्यांची वाकळ शिवली जाई, आणि वाकळही विरली की तिचे पोतेरे होई. फुटक्या तांब्या-पितळेचे मोल तांबट देत असे. कागद इतका महाग की वाण्याच्या पुडीचा कागदही जपून ठेवीत. पत्रावळी आणि उष्टे खड्ड्यात किंवा जनावरांपुढे जात. सारांश, जे उरे ते बहुतेक मातीतून आलेले व मातीत मिळून जाणारे असे. त्यामुळे शहराची घाण ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मालमत्ता होती. पुण्याच्या आसपास मुठेच्या कालव्यावर ऊस पिकविणारे बागाईतदार शहराच्या मैल्यात राख मिसळून तयार केलेले सोनखत पैसे मोजून नेत असत. त्या खतास सोनखत हे नाव कोणी थट्टेने दिलेले नाही.

असाच अनुभव विलायतेतही होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनातील कचरा उचलण्याचा मक्ता मिळावा म्हणून मक्तेदार तेथील वॉर्डांस पैसे देत. कारण घरोघरच्या शेगड्यांतील राख व कोळशाचा चुरा विटा भाजणारांस हवा असे. पुढे शहर वाढले, राखेत नाना जिनसा मिसळू लागल्या, विटांच्या भट्ट्या दूर गेल्या, आणि तोच मक्तेदार कचरा नेण्याबद्दल उलट पैसे मागू लागला. मग १८७४ साली नॉटिंगहॅम येथे कचरा जाळण्याची भट्टी उभारली गेली, आणि १८९७ साली लंडनच्या शोरडिच भागात त्या भट्टीच्या उष्णतेवर विजेचे दिवे लावण्यापर्यंत मजल गेली. एडवर्डच्या काळातील इंग्रजी शहरांना या भट्ट्यांचा मोठा अभिमान वाटे. पॅरिसचा कारभारी पूबेल याने याहून साधी गोष्ट केली. १८८३-८४ साली त्याने प्रत्येक घरमालकास झाकणाचे डबे ठेवावयास लाविले, आणि खरकटे निराळे, कागद-चिंध्या निराळ्या, काच-खापर निराळे, असे वर्गीकरण करण्याचा हुकूम सोडला. पॅरिसकरांनी त्याची इतकी चेष्टा केली की कचऱ्याच्या डब्यालाच त्याचे नाव पडले, आणि फ्रेंच भाषेत ते आजही चालू आहे. पण चेष्टा करणारे विसरले गेले आणि डबा राहिला. १८९५ पासून न्यूयॉर्कमध्ये कर्नल वेअरिंगने झाडणाऱ्यांना पांढरा गणवेश देऊन आणि घरोघर कचऱ्याचे तीन भाग करावयास लावून हाच क्रम चालविला होता. तेव्हा ओला कचरा व सुका कचरा वेगळा ठेवण्याचा हा काही नवा फॅशनेबल उपद्व्याप आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी हे पक्के ध्यानात ठेवावे की ही गोष्ट आमच्या पणजोबांच्या काळातली आहे.

या साऱ्या वृत्तांतातून व्यवहाराचा एकच नियम निघतो. कचरा निवळ असेल तोवर तो माल आहे. मिसळला की तो ओझे आहे. हा नियम कोल्हापूरच्या व्यापाऱ्यास आम्ही शिकवावा असे नाही. ज्या पेठेत गुळाच्या रव्याचा रंग, कणी व गोडी पाहून सौदा निघतो, त्या पेठेत उत्तम रव्यांच्या राशीत चिकी व काळा गूळ कालवून कोणी बसला तर सगळ्या राशीचा भाव काय होईल, हे पोरही सांगेल. मग दररोज सकाळी आपल्या घरातील भाजीचा देठ, औषधाची बाटली, दुधाची पिशवी आणि जुना विजेरीचा मसाला एकाच पिशवीत कोंबून आपण काय करतो? चांगल्या मालाचा भाव स्वहस्ते बुडवितो, आणि बुडालेला भाव भरून काढण्यासाठी महापालिकेकडे बोट दाखवितो.

तथापि जुना काळ सुवर्णाचा होता, असे म्हणण्याचा आमचा आशय मुळीच नाही. उलट त्या काळच्या स्वस्ताईचे दुसरे अंग इतके लाजिरवाणे आहे की ते झाकून ठेवणे हा अप्रामाणिकपणा होईल. त्या वेळी शहर स्वस्तात साफ होई, कारण साफ करणाराला नाही म्हणण्याचा हक्क नव्हता. जन्माने ज्याच्या हाती झाडू आला त्याच्या हातून तो सुटू नये याची तजवीज आमच्या रूढीने केली होती, आणि इंग्रजी कायद्याने त्या रूढीवर शिक्का मारला होता. मुंबई इलाख्यात १८९० साली झालेल्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक आरोग्याशी संबंध असलेल्या म्युनिसिपल नोकराने पूर्वसूचनेवाचून काम सोडणे हा शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरला. दुकानातला गुमास्ता नोकरी सोडून गेला तर मालकाने फार तर दिवाणी दावा लावावा. पण झाडणारा सोडून गेला तर त्याने तुरुंगात जावे! करार मोडल्याबद्दल एकास नुकसानभरपाई आणि दुसऱ्यास कैद, हा भेद कोणत्या न्यायशास्त्रात बसतो हे आम्हांस ठाऊक नाही. कोल्हापूर हे संस्थान असल्याने इलाख्याचा कायदा येथे आपोआप लागू नव्हता हे खरे. पण जी रूढी त्या कायद्याच्या मुळाशी होती तिला संस्थानाची सरहद्द अडवू शकत नव्हती. ज्या करवीरात २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकरीतील निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, त्या करवीराने तरी या अन्यायाचा विचार इतरांच्या आधी करावा हे उचित आहे.

डिसेंबर १९०१ मध्ये कलकत्त्यास राष्ट्रीय सभा भरली असता तेथील संडास घाणीने भरून गेले होते. नुकतेच दक्षिण आफ्रिकेतून आलेले गांधी नावाचे एक बॅरिस्टर स्वयंसेवकांकडे गेले, तेव्हा हे आमचे काम नव्हे, असे उत्तर त्यांस मिळाले. त्यांनी झाडू मागून घेतला आणि आपल्यापुरती जागा स्वतः साफ केली. ज्या सभेत स्वराज्याच्या हक्कांची चर्चा चालली होती तेथे झाडू मात्र एकाच जातीचा होता! पुढे १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले, तर ते ब्राह्मण असल्यामुळे त्यांस नाकारण्यात आले. त्यासाठी त्यांस अन्नत्याग करावा लागला आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्या पाठीशी उपवास आरंभिला. म्हणजे एकास जे काम सोडता येत नव्हते ते दुसऱ्यास मागूनही मिळत नव्हते. याच अप्पासाहेबांनी पुढे कोकणात गोपुरी येथे मैल्याचे खत करण्याचे प्रयोग आयुष्यभर केले. खत आणि माणुसकी हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, हे त्यांनी कृतीने दाखविले. हाताने मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली व पुन्हा २०१३ साली देशाने कायदे केले. एकाच गोष्टीची मनाई दोनदा करावी लागली, यातच पहिल्या मनाईचे काय झाले ते आले.

आता आजच्या कोल्हापुराकडे वळू. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले; १९७२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली; आणि २०११ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ५ लाख ४९ हजारांवर गेली. १९०१ च्या मानाने ही दसपट होय. पण कचरा दसपट झाला असे मानून चालणार नाही. तो त्याहून पुष्कळ अधिक झाला आणि त्याची जातही पालटली. १९०७ साली, म्हणजे एडवर्डच्याच कारकीर्दीत, बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने पहिले पूर्णपणे कृत्रिम प्लॅस्टिक तयार केले. त्याच्या वंशजांनी आज आमची गटारे तुंबविली आहेत. दरडोई दररोज अवघा साडेतीनशे ग्रॅम कचरा धरला, तरी या वस्तीचा रोजचा भार सुमारे १९० टन होतो. आपल्या शहरांतील कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला, म्हणजे कुजून खत होणारा असतो. तो ९५ टन जागच्या जागी किंवा पेठेपेठेत जिरविला, तर पाच टन वाहणाऱ्या गाडीच्या १९ खेपा रोज वाचतील. आमचा हिशेब अडमाशाचा आहे. परंतु या १९ खेपांचे डिझेल, चालकाचा पगार आणि गाडीची झीज कोण भरतो, हा प्रश्न अडमाशाचा नाही.

शिवाय जागा कोठून आणावयाची? सखल जागा कचऱ्याने भरून काढावयाची ही एडवर्डच्या काळातील सर्वमान्य रीत होती. मुंबईने आपला कचरा आगगाडीत भरून चेंबूरकडच्या दलदलीत नेला, आणि त्याचा देवनार येथे असा पर्वत झाला की जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा मुंबईवर धुराचे छत्र धरले गेले. कोल्हापुरात एके काळी तळ्यांची वाण नव्हती. वरुणतीर्थ बुजले, तेथे आज गांधी मैदान आहे; कपिलतीर्थ बुजले, तेथे मंडई आहे. बुजविण्याजोगे शहरात आता फारसे उरलेले नाही. रंकाळा उरला आहे, आणि त्याकडे कोणी त्या नजरेने पाहू नये. पुण्याने आपला कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या दारात टाकला, तेव्हा तेथील ग्रामस्थांनी वारंवार गाड्या अडविल्या. आमच्या मते त्यांनी काही गैर केले नाही. स्वतःच्या अंगणात जे ठेववत नाही ते दुसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकण्यास स्वच्छता म्हणत नाहीत.

कायद्याची बाजू पाहावी तर तीही संदिग्ध नाही. कचरा उचलणे हे १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने महापालिकेच्या आवश्यक कर्तव्यांत घातले आहे, आणि १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ते बाराव्या परिशिष्टात नोंदविले. १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला, त्यातून २००० साली केंद्र सरकारचे नियम निघाले, आणि २०१६ साली ते अधिक कडक झाले. या नियमांनी घरमालकावरही स्पष्ट जबाबदारी टाकली की, त्याने ओला, सुका व घातक कचरा निरनिराळा द्यावा आणि सेवेचे शुल्क भरावे. म्हणजे कर्तव्य एकतर्फी नाही. उचलणे हे महापालिकेचे, वेगळे करून देणे हे आपले.

यावर आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, आम्ही घरफाळा भरतो, मग आणखी शुल्क कशाचे? हा प्रश्न रास्त आहे; पण कर आणि शुल्क या दोहोंत कायद्याने जो भेद मानला आहे तो येथे पाहावा. कर सर्वांच्या सामाईक कामासाठी असतो. शुल्क ज्या त्या सेवेच्या मोबदल्यात असते. घरफाळा घराच्या मूल्यावर बसतो, त्या घरातून निघणाऱ्या कचऱ्याच्या वजनावर नव्हे. शिवाजी पेठेतील जुन्या प्रशस्त वाड्यात एकटी राहणारी वृद्ध विधवा आणि लहानशा गाळ्यात दोन वेळा शेकडो पाने उठविणारी खानावळ, यांची तुलना करा. घरफाळ्यातूनच सर्व खर्च भागवावयाचा म्हटले, तर खानावळीच्या खरकट्याचा खर्च त्या विधवेने उचलावा असे होते. हा कोणता न्याय? जो जितका टाकतो त्याने तितके द्यावे, आणि जो टाकतच नाही त्यास सूट मिळावी, हेच रास्त होय.

दुसरा आक्षेप याहून सबळ आहे आणि तो आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. आम्ही घरी वेगवेगळे करून ठेवतो, पण गाडीत सगळे एकत्रच ओततात, असे गृहिणी म्हणतात. जेथे असे घडत असेल तेथे दोष संपूर्णपणे महापालिकेचा आहे. ज्या गाडीत दोन कप्पे नाहीत ती दारापुढे उभी करून नागरिकांस वर्गीकरणाचा उपदेश करणे म्हणजे गळक्या घागरीने पाणी भरावयास सांगण्यासारखे आहे. एकदा विश्वास उडाला की दहा फलक लावूनही तो परत येत नाही. म्हणून आधी गाडी, मागून दंड, हा क्रम असावा. तिसरा आक्षेप असा की, गोरगरिबांच्या एका खोलीच्या घरात दोन डबे कोठे ठेवावे? येथेही सक्तीपेक्षा सोयीची गरज आहे. गल्लीच्या तोंडाशी दोन झाकणाचे डबे आणि ठरल्या वेळी न चुकता येणारी गाडी एवढे मिळाले, तर गरीब घरे श्रीमंतांहून अधिक नीट वर्गीकरण करतील अशी आमची खात्री आहे. कारण वस्तूचे मोल त्यांस अधिक ठाऊक आहे. काच, पत्रा, रद्दी विकून चार पैसे करणारी माउली कचऱ्यात काय फेकावे हे वाड्यातल्या शेटजींहून पुष्कळ चांगले जाणते.

या माउलीचा उल्लेख आलाच आहे, तर पुण्याचे उदाहरण सांगणे अवश्य आहे. तेथे १९९३ साली बाबा आढावांच्या पाठबळाने कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि २००८ साली त्याच श्रमिकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघर कचरा घेण्याचे काम पत्करिले. घरमालक दरमहा ठराविक शुल्क त्या कामगारासच देतो. विकाऊ वस्तूंचे उत्पन्नही त्याचेच. कालपर्यंत जी बाई कोंडाळ्यात वाकून हात घालीत होती ती आज ओळखपत्र गळ्यात घालून दाराची घंटा वाजविते. अडचणी तेथेही आहेत, पैशाची कुरकुर तेथेही चालते. पण खर्चाचा एक तरी भाग योग्य माणसाने योग्य माणसास दिला, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

तर मग कोल्हापुराने काय करावे? प्रथम, महापालिकेने दरसाल कचऱ्याचा स्वतंत्र ताळेबंद छापून प्रसिद्ध करावा: किती टन उचलला, किती टनाचे खत झाले, किती पडून राहिला, आणि दर टनामागे झाडलोट, वाहतूक व विल्हेवाट यांवर निरनिराळा किती खर्च आला. आपल्या देशातील बहुतेक नगरपालिका झाडण्यावर व वाहण्यावर पैसा संपवितात आणि शेवटच्या विल्हेवाटीच्या वाट्यास अगदी थोडा येतो. मालाची हमाली भरपूर द्यावयाची आणि वखार मात्र बांधावयाची नाही, असा हा व्यापार आहे. तो उजेडात आला म्हणजे निम्मी सुधारणा होईल. दुसरे, मंडई, खानावळी, मंगल कार्यालये आणि मोठ्या गृहसंस्था यांनी आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा. याची विद्या परदेशातून आणावयास नको. १९३१ साली सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी ज्या ग्रंथात इंदूर पद्धतीच्या कंपोस्टचे शास्त्र जगापुढे मांडले, त्याचे दुसरे कर्ते यशवंत वाड हे आपलेच गृहस्थ होते. तिसरे, करवीर तालुक्यातील ऊसवाल्या शेतकऱ्यास हे खत तपासून, काच-प्लॅस्टिकविरहित मिळावे. घाण मिसळलेले खत त्याने नाकारले तर त्यास बोल लावू नये. चौथे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, झाडणाऱ्या व कचरा वाहणाऱ्या प्रत्येकास, मग तो कायम असो वा ठेकेदाराचा, हातमोजे, बूट, औषधोपचार आणि वेळच्या वेळी पुरा पगार मिळावा. खर्चात काटकसर करावयाची असेल तर ती खेपांत करावी, माणसात करू नये. ठेका स्वस्त पडतो असे सांगण्यात येते, तेव्हा तो कोणाच्या जिवावर स्वस्त पडतो हे सभासदांनी सभेत विचारावे.

व्यापारी बंधूंस आमची एक वेगळी विनंती आहे. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी आणि महाद्वार रोड येथील दुकानांपुढे रात्री जो पसारा पडतो तो गिऱ्हाईक पाहत नाही, कारण पहाटे अंधारातच कोणीतरी तो उचलून नेतो. तो कोणीतरी कोण आहे, हे एक दिवस पहाटे उठून पाहावे. जो व्यापारी महिन्याला दिव्यांच्या रोषणाईवर हजारो रुपये खर्च करतो त्याने दररोज दहा रुपये कचऱ्यासाठी ठेविले, तर वर्षाचे ३,६५० होतात. त्याने त्याचे दुकान बुडणार नाही. पण पेठेतील सर्वांनी तसे केले तर शहर मात्र तरेल.

कोल्हापूरकर जुन्या चाली सोडीत नाहीत, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते खरे वाटत नाही. गणपती वाहत्या पाण्यातच बुडविला पाहिजे ही समजूत पिढ्यान्पिढ्यांची. पण अलीकडच्या वर्षांत या शहरातील हजारो कुटुंबांनी आपल्या घरचा गणपती पंचगंगेत न सोडता कुंडात व काहिलीत विसर्जित केला आणि निर्माल्य वेगळे आणून दिले. ज्या लोकांनी देवाच्या बाबतीत नदीचा विचार केला त्यांना भाजीच्या देठाच्या बाबतीत तो करणे जड जाईल, हे आम्ही कसे मानावे? हीच पंचगंगा पुढे इचलकरंजीवरून नरसोबाच्या वाडीस जाते आणि कृष्णेस मिळते. तिच्या काठी आमच्याखाली जे राहतात तेही याच पाण्याने स्नान करतात. आमच्या घरचा न भरलेला खर्च त्यांच्या घागरीत जाऊ देणे हे करवीरास शोभत नाही.

उकिरड्याचे पांग आपोआप फिटत नसतात. पूर्वीच्या उकिरड्याचे फिटत, कारण त्यात काय पडावे याकडे घरातील थोरली बाई रोज लक्ष ठेवीत असे. तेच लक्ष आता शहराने ठेविले पाहिजे. दोन डबे घरोघर, दोन कप्पे गाडीत, आणि एक खरा हिशेब महापालिकेत, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. तो आरंभ उद्या सकाळी गाडीची घंटा वाजेल तेव्हाच करता येईल. त्यास कोणत्याही ठरावाची अगर मुहूर्ताची जरूर नाही.